जेवणाच्या टेबलावरचं ऑफिस

पत्राचा सारांश: कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतून एका ताईंचं पत्र आलं आहे. वय ३८, शिक्षण बी.कॉम. काही वर्षं एका सीएंच्या ऑफिसात नोकरी केली. धाकटी झाल्यावर ती सोडली आणि आता घरूनच छोट्या व्यापाऱ्यांची अकौंट्स लिहितात, जीएसटीची रिटर्न भरतात. १७ पार्ट्या आहेत. घर जुनं, कौलारू: पुढं सोपा (ओसरी), मग मधली खोली, स्वयंपाकघर आणि वर माडी. घरात सासूबाई, निवृत्त सासरे, शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीत सुपरवायझर असलेले मिस्टर आणि दोन शाळकरी मुलं. काम चालतं मधल्या खोलीतल्या जेवणाच्या टेबलावर. जेवायची वेळ झाली की लॅपटॉप, बिलांच्या पिशव्या, कॅल्क्युलेटर सगळं उचलून कॉटवर, आणि जेवणं झाली की पुन्हा टेबलावर. सासूबाई भाजी निवडायला त्याच टेबलाशी बसतात. मध्यंतरी एका पार्टीच्या खरेदीच्या बिलांची गड्डी हरवली, ती शेवटी मुलीच्या दप्तरात मिळाली. मान आणि उजवा खांदा दुखतो. मोबाईलवर टेबल सजवण्याचे व्हिडिओ बघून त्यांनी माडीसाठी ४५,००० रुपयांचं कोटेशन घेतलंय: पांढरं टेबल, ड्रॉवर, भिंतीवर शेल्फ, फिरती खुर्ची. त्या विचारतात, "माझ्यात मुळातच टापटीप नाही असं घरातले म्हणतात, मलाही तसंच वाटतं. एकदा नीट टेबल झालं की शिस्त लागेल आणि मी काम करते हे घरच्यांनाही कळेल. हा खर्च करू का? की राजारामपुरीत एखादा गाळा भाड्यानं घेऊ?"

ताई,

तुमच्या पत्रात एक वाक्य अगदी सहज आलंय, पण मला उत्तर तिथूनच सुरू करायचंय. तुम्ही लिहिता, "रात्री सगळे झोपल्यावर बसले की दिवसभर न झालेलं काम दोन तासांत होतं."

टेबल तेच, पिशव्या त्याच आणि तुम्हीही त्याच. ज्याच्यात टापटीप नाही त्याची बिलं रात्रीसुद्धा जुळत नाहीत. तुमची जुळतात. तेव्हा 'माझ्यात शिस्त नाही' हे आधी मनातून काढून टाका. दिवसा तुम्हाला सलग वेळ मिळत नाही, एवढाच याचा अर्थ. घरातले बोलले आणि तुम्ही ते खरं मानलंत, याचं मला वाईट वाटलं. स्वयंपाक, मुलांच्या शाळा आणि १७ जणांची रिटर्न सांभाळणाऱ्या बाईला शिस्त नाही असं मी तरी म्हणणार नाही.

मधेच उठण्यानं नेमकं काय होतं ते बघा. सोफी लेरॉय या अमेरिकेतल्या संशोधिकेनं २००९ साली दाखवून दिलं की अर्धवट काम सोडून माणूस दुसऱ्या कामाला लागला, तरी मनाचा एक भाग पहिल्या कामात अडकून राहतो आणि त्यामुळं दुसरं काम कच्चं होतं. भाकरी तव्यावर टाकून दारात कोण आलंय ते बघायला गेल्यावर आपलं चित्त दारात असतं का? तुमचं दिवसातून कितीदा तरी तसं होतंय. त्यात भर म्हणजे, दोन वेळच्या जेवणांसाठी पसारा उचलायचा आणि परत मांडायचा. त्या उचलाउचलीतच एक गड्डी दप्तरात गेली. ती तुमच्या वेंधळेपणानं गेली असं मला वाटत नाही. जिथं ताटं, दप्तरं आणि बिलं एकाच फळीवर येतात, तिथं हे आज ना उद्या होणारच.

याच संशोधिकेनं पुढं २०१८ मध्ये एका सहकारी संशोधिकेबरोबर एक साधा उपाय तपासला होता, तो तुम्हाला आजच करता येईल. उठायची वेळ आली की उठण्याआधी एक ओळ लिहायची: कुठवर आलोय आणि परत बसल्यावर पहिलं काय करायचंय. "जुलै खरेदी, बिल ४२ पर्यंत एंट्री झाली, ४३ चा जीएसटी नंबर तपासायचा." एवढंच. लिहून ठेवलं की डोकं मोकळं होतं आणि परतल्यावर 'कुठं होते बरं मी' यात वेळ जात नाही. त्यासाठी एक वही लॅपटॉपशेजारी उघडीच ठेवा. सुट्या चिठ्ठ्या नकोत, त्या तुमच्या घरी कुठं जातील ते तुम्हीच लिहिलंय.

आता टेबलाकडं येऊ. तुमच्या मिस्टरांना फाइव्ह एस नक्की माहीत असणार. जपानी कारखान्यांतून आलेली ही पद्धत आपल्या शिरोली-गोकुळ शिरगावच्या कारखान्यांमधनंही ओळखीची आहे. सेइरी, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सु, शित्सुके. म्हणजे आधी नको ते बाजूला काढायचं, मग हवं ते जागेवर लावायचं, मग स्वच्छता, मग सगळ्यांसाठी एकच पद्धत, आणि ती अंगवळणी पडण्याची शिस्त पाचवी. तुम्ही पाचव्यापासून सुरुवात करू बघताय, आणि व्हिडिओवाले दुसऱ्यापासून. पहिली पायरी कुणीच धरत नाही, कारण तिच्यात विकत घेण्यासारखं काही नसतं.

तेव्हा येत्या सोमवारी, मिस्टरांच्या सुट्टीला, दोघं मिळून सगळे कागद सोप्यात मांडा. मला जवळपास खात्री आहे की त्यातले निम्म्याहून जास्त तुमचे नाहीत. ती पार्ट्यांची बिलं आहेत, काम होऊन गेलेली, कॅरीबॅगेत किंवा तारेला ओवून आलेली आणि तुमच्याकडंच राहून गेलेली. जीएसटी कायद्याप्रमाणं हिशेबाची कागदपत्रं व्यापाऱ्यानं आपल्या व्यवसायाच्या मुख्य जागी ठेवायची असतात, आणि त्या वर्षाच्या वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने जपायची असतात. जबाबदारी त्यांची आहे. तुमच्या कॉटखाली ती राहिली आणि उद्या एखाद्या पार्टीला नोटीस आली, तर शोधाशोध तुमच्या घरात होईल आणि हरवल्याचा बोल तुम्हाला लागेल. महिन्याचं काम झालं की कागद परत, हा नियम करा. देताना वहीत सही घ्या. जुना साठा एका फेरीत देऊन टाकता येणार नाही, तर रोज एका पार्टीची पिशवी बांधा. ज्याचं काय करायचं ते कळत नाही, त्याला कारखान्यात लाल टॅग लावून बाजूला ठेवतात. तसं एक खोकं करा, त्यावर तारीख घाला आणि पुढच्या तिमाहीला उघडा.

आवक-जावक ही यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, आणि त्यासाठी तुमच्या घरात एक माणूस आहे. सासरे सोप्यात पेपर वाचत बसतात असं तुम्ही लिहिलंय. बिलं द्यायला येणाऱ्यांना ते आधी भेटतात. त्यांना विचारून बघा: "मामंजी, पिशवी आली की एवढं रजिस्टरला लिहून ठेवाल का? तारीख, पार्टीचं नाव, पिशव्या किती." पिशवी उघडायची नाही, लोकांचा हिशेब आहे, हेही सांगा. सोप्यात एखादं फडताळ असेल तर त्याचे दोन कप्पे मोकळे करून घ्या. वरचा आलेल्या पिशव्यांचा, खालचा परत द्यायच्या. सगळं आयुष्य नोकरी केलेल्या माणसाला रजिस्टर सांभाळायला मिळालं तर आवडण्याचीच शक्यता जास्त. नाही आवडलं तर नाही, मग फडताळालाच एक वही बांधून ठेवायची.

आता सासूबाई. तुमच्या पत्रात त्या अडचण म्हणून आल्यात, पण थोडं त्यांच्या बाजूनं बघा. त्या टेबलाशी भाजी निवडायची त्यांची सवय तुमच्या लॅपटॉपच्या आधीची आहे. आणि त्या फक्त भाजी निवडायला येतात असं मला वाटत नाही. दिवसभर घरात बोलायला तुम्हीच असता. तुम्ही स्क्रीनकडं बघत 'हं, हं' करता तेव्हा त्यांना काय दिसत असेल? सून मोबाईलसारखंच काहीतरी बघत बसलीय. टेबल आलं की हे बदलेल अशी तुमची आशा आहे, आणि ती अगदी चुकीची नाही. कामाला जागा मिळाली की थोडा मान मिळतो. पण तुम्ही काय काम करता हे पांढऱ्या सनमायक्याला सांगता येणार नाही. ते तुम्हालाच सांगावं लागेल, आणि तुम्ही अजून सांगितलेलं नाही असं पत्रावरनं वाटतं. महिन्याला किती मिळतात तेही घरात फक्त मिस्टरांना माहीत आहे.

सांगताना 'मला त्रास देऊ नका' असं नको. तारखा सांगा. तुमचं काम महिनाभर सारखं नसतंच. महिन्याचं रिटर्न भरणाऱ्यांचं जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचा तपशील, पुढच्या महिन्याच्या ११ तारखेपर्यंत, खरेदी जुळवायला लागणारा २बी हा तक्ता येतो १४ ला, आणि ३बी ची, म्हणजे कर भरायच्या रिटर्नची, शेवटची तारीख २०. तिमाहीवाल्यांच्या तारखा वेगळ्या, त्या तुम्ही जाणताच. म्हणजे खरी झुंबड ७ ते ११ आणि १४ ते २० या दिवसांतच. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर तेवढे दिवस लाल पेनानं रंगवा आणि सगळ्यांसमोर सांगा: "या दिवसांत सकाळी साडेदहा ते दीड मी वर असणार. ३बी ला उशीर झाला तर पार्टीला दिवसाला ५० रुपये लेट फी आणि कर थकला तर वर्षाला १८ टक्क्यांनी व्याज. तो फोन मला येतो." घरातल्या माणसांना हे आकडे समजतात. 'माझं काम महत्त्वाचं आहे' याचा त्यांना अंदाज येत नाही, कारण त्यांना ते दिसत नाही.

महिन्यातले बारा दिवस, तीन-तीन तास. एवढं मागायला संकोच नको. आणि बदल्यात काही ठरवून द्या: दीडला खाली येऊन सगळ्यांबरोबर जेवण आणि दुपारी चारचा चहा सासूबाईंबरोबर, तेव्हा मोबाईल बाजूला. बाकीच्या दिवसांत टेबलाशी बसून दोघी मिळून गवार निवडलीत तरी काही बिघडत नाही.

जागेचं म्हणाल तर मी माडीच्याच बाजूनं आहे. सोप्यात येणं-जाणं असतं, शेजारी डोकावतात, आणि लोकांचे आकडे स्क्रीनवर उघडे असतात. माडीचा जिना सासूबाईंना रोज चढवणार नाही, हेही खरं. पण ४५,००० आत्ता घालू नका. तुम्हीच लिहिलंय की मुलाचं अभ्यासाचं टेबल माडीवर आहे. तो साडेदहाच्या आत शाळेला जातो आणि पाचनंतर येतो. तुमच्या तीन तासांना ते टेबल रिकामंच असतं! एक पूर्ण महिना तिथं काम करून बघा. तुमचं सामान, म्हणजे पंच, स्टेपलर, कॅल्क्युलेटर, शिक्का आणि त्या दिवशीच्या एकाच पार्टीची पिशवी, एका झाकणाच्या खोक्यात वर न्यायचं आणि उठताना त्यातच परत. मुलालाही विचारा, टेबल त्याचं आहे. त्याची वही हलवायची नाही असं कबूल करा आणि पाळा.

या महिन्यात माडी तुम्हाला बरंच सांगेल. मार्च ते मे कौलांखाली दुपारी बसवत नाही, म्हणून सकाळचीच वेळ. वाय-फाय वरपर्यंत पोचतं का, लाईट गेल्यावर काय होतं? राऊटरपुरता छोटा बॅकअप मिळतो. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असतेच, तेव्हा २० तारखेला एवढ्यावर भागतं. पावसाळ्यात कुठं गळतं आणि कुठली भिंत ओल धरते तेही बघून ठेवा. कोल्हापूरच्या पावसात पार्टिकल बोर्डाचं टेबल ओल्या भिंतीला टेकलं की कडा फुगायला लागतात, आणि स्वस्त रेडिमेड फर्निचर बहुतेक त्याचंच असतं. कोटेशनमध्ये मटेरियल काय लिहिलंय ते वाचा. पुढं करायचंच झालं तर मरीन प्लाय मागा, त्यावर आयएस ७१० असा शिक्का असतो. आणि टेबल भिंतीपासून चार बोटं पुढं ठेवा.

उजेडाचं थोडं सविस्तर लिहितो. माडीची खिडकी पश्चिमेची आहे म्हणता. अंबाबाईच्या देवळात किरणोत्सवाला मावळतीचं ऊन महाद्वारातनं थेट आत गाभाऱ्यापर्यंत जातं, ते आपण दरवर्षी कौतुकानं बघतो. तोच मावळतीचा सूर्य संध्याकाळी तुमच्या खिडकीतूनही तसाच आडवा आत येणार. खिडकीकडं तोंड केलंत तर डोळे दिपतील, पाठ केलीत तर स्क्रीनवर खिडकीच दिसेल. म्हणून खिडकी बाजूला घ्या. तुम्ही उजव्या हातानं लिहीत असाल तर डाव्या बाजूला, म्हणजे हाताची सावली कागदावर पडत नाही. ट्यूबलाईटचंही तेच, ती पाठीमागं नको.

मान आणि खांद्याचं कारण मला तुमच्या वर्णनात स्वच्छ दिसतं. जेवणाचं टेबल साधारण ३० इंच उंच असतं. मध्यम उंचीच्या बाईचे खांदे तिथं टाईप करताना वर उचलले जातात. लॅपटॉपचा स्क्रीन खाली, म्हणून मान वाकते. बिलं सपाट टेबलावर, म्हणून ती प्रत्येक एंट्रीला आणखी खाली जाते. वेगळा कीबोर्ड आणि माऊस घ्या, ४५,००० च्या मानानं तो खर्च किरकोळ आहे. मग लॅपटॉप जाड पुस्तकांवर चढवा, स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत आणि अंतर हातभर. कोपर टेबलाच्या पातळीला येईपर्यंत खुर्चीवर गादी घाला आणि पाय लोंबकळू लागले तर खाली पाट ठेवा. बिलांसाठी मुलाचं परीक्षेचं पॅड घ्या, बिल त्याला लावून स्क्रीनच्या शेजारी उभं टेकवा. मान खाली-वर होणं तिथंच थांबतं. अकौंट्स लिहिणाऱ्यांना मी हे सगळ्यात आधी करायला सांगेन. डोळ्यांसाठी दर वीस मिनिटांनी वीस सेकंद लांब, वीसेक फुटांपलीकडं बघायचं. माडीच्या खिडकीतनं ते सोपं आहे. एवढं करूनही बोटांना मुंग्या येत असतील किंवा दुखणं रात्री झोपू देत नसेल, तर थांबू नका, डॉक्टरांना दाखवा.

महिना झाला की कोटेशन पुन्हा काढा. तेव्हा तुम्हाला नेमकं काय लागतं ते कळलेलं असेल. माझा अंदाज सांगतो: पहिला खर्च चांगल्या खुर्चीवर करावा लागेल आणि दुसरा कुलपाच्या कपाटावर. पार्ट्यांचे पासवर्ड आणि कागद घरात उघडे असणं बरं नाही. टेबल शेवटी येईल आणि ते व्हिडिओतल्यापेक्षा लांब असेल, कारण त्या टेबलांवर कागदाचं काम करणारं कुणी बसत नाही. तुम्हाला एका बाजूला पिशवी आणि दुसऱ्या बाजूला झालेली बिलं लागणार, म्हणजे सुतार चार फूट म्हणाला तर तुम्ही पाच म्हणा.

गाळ्याची घाई नको. भाडं, डिपॉझिट, लाईटबिल आणि रोजचं जाणं-येणं १७ पार्ट्यांच्या फीवर चढवलं तर हातात काय राहतं, हे गणित तुमच्याइतकं चांगलं कुणाला येणार? आणि मुलं शाळेतून येतात तेव्हा घरी असता येतं, हे तुम्ही स्वतःच घरून काम करण्याचं पहिलं कारण म्हणून लिहिलंय. पार्ट्या वाढून मदतनीस ठेवावा लागला किंवा लोक समोर बसून हिशेब समजून घ्यायला येऊ लागले, तर गाळा बघा. तोवर फी वाढवता येते का ते बघा. चार वर्षांत वाढवलेली नाही असं तुम्ही शेवटच्या ओळीत लिहिलंय, आणि मला ते टेबलापेक्षा जास्त खटकलं.

ज्यांच्या घरी माडी नाही आणि रिकामी भिंतही नाही, अशा वाचकांनाही यातलं बरंच करता येईल. जागा वेगळी नसेल तर खोकं वेगळं करा: झाकणाचं, फक्त कामाचं, घरातल्या कुणी न उघडायचं. काम संपलं की सगळं त्यात, आणि वही सगळ्यात वर. घर पुराच्या पट्ट्यात असेल, शाहूपुरीची कुंभार गल्ली किंवा दुधाळीकडं, तर २०१९ आणि २०२१ आठवा आणि ते खोकं जमिनीवर किंवा कॉटखाली ठेवू नका. जूनच्या आधी महत्त्वाच्या कागदांचे मोबाईलवर फोटो काढून दुसऱ्या गावातल्या नातेवाइकांकडं पाठवून ठेवा, आणि पार्ट्यांचे कागद असतील तर त्यांना आधी विचारून.